फॉल्ट नेमका कधी हलला? इलाइट आणि कॅल्साइटवरून वय कसं काढायचं, फील्डपासून ग्राफपर्यंत

सेडिमेंटरी बेसिनमध्ये (गाळाचे थर साचलेल्या खोलगट भागात) फॉल्ट, म्हणजे दोन बाजू एकमेकींवरून सरकलेली खडकातली भेग, सापडला की त्याचं वय काढायची जुनी पद्धत सगळ्यांना माहिती असते. ज्या थरांना त्याने तोडलंय त्यातल्या सगळ्यात तरुण थराच्या नंतर, आणि जो थर त्याच्यावर न तुटता पसरलाय त्याच्या आधी. पद्धत बरोबरच आहे, अडचण अशी की बऱ्याच बेसिनमध्ये वरचे थर झिजून गेलेले असतात, मग खालचा थर ज्युरासिक आणि वरचा एकदम क्वाटर्नरी, मध्ये दीडशे-दोनशे दशलक्ष वर्षांचं भगदाड, आणि त्या भगदाडात फॉल्ट कधीही हललेला असू शकतो. तेल-वायू कधी अडकला, धातूंचे द्रव कुठल्या वाटेने आणि कधी गेले, कार्बन डायऑक्साइड खाली साठवायचा तर हा फॉल्ट मुळात जिवंत होता कधी, यातल्या कशालाच एवढं ढोबळ उत्तर पुरत नाही.

म्हणून फॉल्टच्या आत वाढलेल्या खनिजांचं वय काढतात. मुख्य खनिजं दोन, फॉल्टच्या चिकणमातीतलं म्हणजे गाऊजमधलं इलाइट (अभ्रकासारखं बारीक चिकणखनिज) आणि फॉल्टच्या पृष्ठावर किंवा शिरांमध्ये (खनिजाने भरलेल्या भेगांमध्ये) साचलेलं कॅल्साइट (चुनखडीचं खनिज). पण एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे: मशीन जे वय देतं ते खनिजाचं असतं. ते खनिज फॉल्ट हलताना वाढलं, आधी वाढलं की नंतर, हे मशीनला कळत नाही, ते तुम्हाला खडक बघून ठरवावं लागतं. या विषयात जे निकाल फसलेले दिसतात त्यातले बरेचसे इथेच फसलेले असतात, लॅबमध्ये नाही.

सॅम्पल घेण्याआधीचा गृहपाठ

फील्डला जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात. एक, थरांवरून मिळणारी वयाची चौकट, वरची आणि खालची मर्यादा. सिस्मिक सेक्शन (ध्वनिलहरींवरून काढलेलं जमिनीखालच्या थरांचं चित्र) असेल तर फॉल्टच्या खाली सरकलेल्या बाजूला थर जाड होत गेलेत का ते बघा, कारण तसं असेल तर ते थर साचत असतानाच फॉल्ट हलत होता, आणि हा पुरावा फुकटात मिळतो. दुसरी गोष्ट बेसिनची बरियल हिस्ट्री, म्हणजे तुमचा थर कधी किती खोल गेला, किती तापला आणि परत कधी वर आला. तिसरी गोष्ट आजूबाजूचा खडक कुठला.

तापमानाची माहिती का लागते? कारण कुठलं घड्याळ, म्हणजे वय काढायची कुठली पद्धत, चालेल हे त्यावर ठरतं. स्मेक्टाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या चिकणखनिजाचं) इलाइट व्हायला साधारण ७० ते १५० अंश सेल्सियस लागतात (पोटॅशियम आणि वेळ किती मिळाला त्यावर हे मागेपुढे होतं), त्यामुळे कायम उथळच राहिलेल्या फॉल्टमध्ये नवीन इलाइट पुरेसं सापडेलच असं नाही. उलट थर पुढे २५०-३०० अंशांपर्यंत गेला असेल तर बारीक इलाइटमधला आर्गॉन (ज्यावरून त्याचं वय काढतात तो वायू) निसटायला लागतो आणि वय फॉल्टचं न राहता थंड होण्याचं होतं. कॅल्साइट तर अगदी थंड पाण्यातूनही वाढतं, म्हणून चुनखडीत किंवा चुनखडीच्या जवळ असलेल्या उथळ फॉल्टसाठी आधी कॅल्साइट शोधा. शेल आणि वाळूखडक एकमेकांवर घासलेत, जाड चिकट गाऊज आहे, तर इलाइट. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या, त्याचा फायदा शेवटी कळेल.

घड्याळांचं गणित थोडक्यात. इलाइटमध्ये पोटॅशियम असतं, त्यातल्या पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य सुमारे १.२५ अब्ज वर्षं, आणि त्याचा दहा टक्क्यांहून थोडा जास्त भाग आर्गॉन-४० होतो, बाकीचा कॅल्शियम. कॅल्साइटमध्ये वाढताना अगदी थोडं युरेनियम शिरतं, युरेनियम-२३८ चं लेड-२०६ होतं (अर्धायुष्य सुमारे ४.४७ अब्ज वर्षं) आणि युरेनियम-२३५ चं लेड-२०७ (सुमारे ७० कोटी वर्षं). एका खनिजात दोन घड्याळं, म्हणून एक दुसऱ्याला तपासतं.

फील्ड: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

कॅल्साइटपासून सुरू करतो. फॉल्टवर पांढरं काही दिसलं की हातोडा मारून पिशवीत टाकायचं, असं चालत नाही. तो कॅल्साइट फॉल्टच्या हालचालीशी कसा जोडलेला आहे ते आधी बघा, फोटो काढा, स्केच करा, दिशा मोजा आणि मग तोडा.

सगळ्यात चांगलं सॅम्पल म्हणजे स्लिकनफायबर. फॉल्टचं पृष्ठ पूर्ण सपाट नसतं, त्यावर छोटे उंचवटे असतात, आणि एक बाजू सरकली की उंचवट्याच्या मागे बारीकशी पोकळी उघडते. तिथे कॅल्साइटचे तंतू सरकण्याच्या दिशेने वाढतात, एकावर एक पायऱ्या चढल्यासारखे. हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेने बोटं पायऱ्यांना अडतात. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं त्या दिशेने वरचा, आता नसलेला ब्लॉक गेलेला असतो. हा कॅल्साइट हालचाल चालू असतानाच वाढलेला, त्यामुळे त्याचं वय हे सरळ हालचालीचं वय म्हणून धरता येतं. तंतूंची दिशा आणि झुकाव लिहून ठेवा, कारण एकाच पृष्ठावर दोन दिशांचे तंतू एकमेकांवर असतील तर ते दोन वेगळ्या हालचालींचे आहेत आणि दोन वेगळी सॅम्पल लागतील.

बाकीच्या प्रकारांत वय मिळतं पण ते मर्यादा म्हणून वापरायचं. फॉल्टने कापलेली आणि सरकवलेली कॅल्साइटची शीर असेल तर ती फॉल्टच्या त्या हालचालीआधीची, म्हणजे हालचाल त्या वयापेक्षा तरुण. ब्रेशियाचे (फॉल्टमध्ये चुरून कोनदार तुकडे झालेल्या खडकाचे) तुकडे ज्या सिमेंटने जोडलेत ते सिमेंट अखंड असेल, कुठेही तुटलेलं नसेल, तर तुकडे झाल्यानंतरचं, म्हणजे तुटणं त्याआधीचं. आणि तेच सिमेंट परत तुटून त्याचेही तुकडे पुढच्या सिमेंटमध्ये अडकलेले दिसले तर मग मजाच, कारण दोन्ही सिमेंटची वयं काढली की मधली हालचाल दोन आकड्यांमध्ये पकडता येते. पोकळीत सुबक टोकदार स्फटिक उभे असतील तर ते शांतपणे, हालचाल थांबल्यावर वाढलेले असतात. दिसायला सगळ्यात सुंदर तेच असतात आणि नवखे लोक तेच उचलून आणतात, पण त्यांच्यावरून फक्त एवढंच म्हणता येतं की फॉल्ट याआधी हलला होता.

आता गाऊज. बाहेरचा ऊन-पाऊस खाल्लेला थर आधी खरवडून काढा, कमीत कमी हातभर आत जाऊन ताजा भाग गाठा, कारण हवेच्या संपर्कातल्या गाऊजमध्ये नवीन चिकणखनिजं बनतात आणि इलाइटमधून पोटॅशियम धुऊन जाऊ शकतं. अर्धा ते एक किलो पुरतं. गाऊजमध्ये रंगाचे पट्टे दिसत असतील, करडा, तपकिरी, हिरवट, तर ते एकत्र करू नका, प्रत्येक पट्ट्याची वेगळी पिशवी, कारण फॉल्टमध्ये हालचाल दर वेळी त्याच पातळ पट्ट्यात होते असं नाही. आणि फॉल्टपासून लांब, न हललेल्या त्याच थराचं एक सॅम्पल घ्याच. हे कंट्रोल सॅम्पल लोक हमखास विसरतात आणि ते नसेल तर गाऊजमधलं इलाइट फॉल्टमुळे बनलं की सगळी बेसिन तापली म्हणून बनलं हे सांगायला काहीच आधार उरत नाही.

बोअरहोलमधून काम करत असाल तर कोअर (अखंड कापून काढलेला खडकाचा दांडा) मागा, कटिंग्ज (ड्रिलने फोडून मडसोबत वर आलेले तुकडे) नकोत, कटिंग्जमध्ये वरचे तुकडे ढासळून मिसळतात. आणि ड्रिलिंग मड कुठला वापरला ते आधी विचारा. शेल फुगू नये म्हणून मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात, आणि त्यातलं पोटॅशियम तुमच्या क्लेच्या थरांमध्ये जाऊन बसलं तर पोटॅशियम वाढतं पण आर्गॉन वाढत नाही, म्हणजे वय खोटं तरुण येतं. कोअरचा मधला भाग घ्या आणि लॅबमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने धुऊन अदलाबदल होणारं पोटॅशियम काढून टाका.

इलाइटचं लॅबकाम

इथला मुख्य प्रश्न असा की गाऊजमध्ये दोन प्रकारचं इलाइट मिसळलेलं असतं. एक आजूबाजूच्या खडकातून दळून आलेलं जुनं, ते मुळात कुठल्यातरी पर्वतातल्या अभ्रकाचं असू शकतं, त्याला डेट्रायटल म्हणतात. दुसरं फॉल्टमध्ये नव्याने वाढलेलं, ऑथिजेनिक. आपल्याला दुसऱ्याचं वय हवंय आणि पहिलं त्यात सगळीकडे मिसळलेलं आहे. दोन्ही हाताने वेगळे करणं अशक्य, पण निसर्गाने एक सोय केलीय: जुने कण सहसा मोठे असतात आणि नवे बारीक. म्हणून कणांच्या आकारानुसार भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचं वय काढायचं.

सॅम्पल दळायचं नाही हे लक्षात ठेवा. मिलमध्ये घातलं की जुन्या अभ्रकाचे मोठे कणसुद्धा बारीक होऊन बारीक भागात जातात आणि सगळा डाव मोडतो. छोटे तुकडे करून पाण्यात भिजवा, आणि गोठवणं-वितळवणं असं परत परत करा, बर्फ होताना पाणी फुगतं आणि कण आपोआप सुटे होतात, वेळ लागतो पण कण शाबूत राहतात. कार्बोनेट असेल तर सौम्य ॲसिटिक ॲसिड, हायड्रोक्लोरिक नको. मग डिस्टिल्ड पाण्याने धूत राहा. क्ले गोळा होऊन एकदम तळाला बसत असेल तर समजायचं मीठ अजून आहे.

२ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग काढायला साधं जार आणि घड्याळ पुरतं. २० अंशाच्या पाण्यात २ मायक्रॉनचा कण ५ सेंटीमीटर खाली जायला साधारण पावणेचार ते चार तास घेतो, तेवढ्या वेळाने वरचं ५ सेंटीमीटर पाणी काढून घेतलं की त्यात फक्त त्याहून बारीक कण. पाणी गरम असेल तर हे बदलतं, ३० अंशाला तेच अंतर तीन तासांच्या आसपास कापलं जातं, म्हणून खोलीचं तापमान न बघता छापील तक्ता वापरू नका. त्याहून बारीक भागांसाठी, म्हणजे २ ते ०.४, ०.४ ते ०.१ आणि ०.१ मायक्रॉनपेक्षा बारीक, सेंट्रिफ्यूज लागतो. शेवटचा भाग हाती फार थोडा येतो, म्हणून सुरुवातीला सॅम्पल भरपूर हवं.

मग एक्स-रे डिफ्रॅक्शन (एक्स-रे टाकून खनिज ओळखायची पद्धत), आणि ते दोनदा. एकदा काचेवर क्लेचा सपाट थर देऊन, आधी कोरडा आणि मग ग्लायकॉल देऊन, म्हणजे स्मेक्टाइट फुगून त्याच्या थरांमधलं अंतर १७ अँगस्ट्रॉमला जातं आणि इलाइट १० वरच राहतो, मिश्रण किती आहे ते कळतं. दुसऱ्यांदा कण अस्ताव्यस्त भरून, पॉलिटाइप, म्हणजे थर एकावर एक कसे रचलेत, ते बघायला. इलाइटच्या थरांची रचना मुख्यतः दोन तऱ्हांनी आढळते, २एम१ आणि १एमडी. कमी तापमानाला वाढलेलं नवं इलाइट १एमडी असतं, तर २एम१ बनायला साधारण २८० अंशांच्या वरची उष्णता लागते, त्यामुळे कधीच एवढ्या न तापलेल्या बेसिनमध्ये २एम१ दिसलं की ते बाहेरून आलेलं जुनं. प्रत्येक भागात २एम१ किती टक्के हे मॉडेल पॅटर्नशी जुळवून काढायचं. ३.२४ अँगस्ट्रॉमला शिखर आहे का तेही बघा, ते पोटॅशियम फेल्डस्पारचं, आणि फेल्डस्पार थोडा जरी असला तरी त्यात पोटॅशियम इतकं असतं की तो वय बिघडवतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकदा नजर टाकली तर उत्तम, नवं इलाइट केसांसारखं किंवा पातळ पट्ट्यांसारखं दिसतं, जुनं फाटक्या कडांच्या पापुद्र्यासारखं.

वयासाठी दोन रस्ते. पोटॅशियम-आर्गॉनमध्ये पोटॅशियम एका तुकड्यावर आणि आर्गॉन दुसऱ्यावर मोजतात, म्हणून सॅम्पल नीट एकजीव असायला हवं, आणि मोजण्याआधी साधारण ८० अंशांवर रात्रभर तापवून चिकटलेली हवा घालवतात. लॅब बरोबर मोजतेय का हे तपासायला जीएल-ओ नावाचं ग्लॉकोनाइट स्टँडर्ड आहे, वय ९५ दशलक्ष वर्षं, त्याचा निकाल सोबत मागून घ्या. दुसरा रस्ता आर्गॉन-आर्गॉन, त्यात सॅम्पलवर न्यूट्रॉनचा मारा करून पोटॅशियमचं आर्गॉन-३९ करतात. पण तो अणू बनताना धक्क्याने साधारण ०.१ मायक्रॉन उडतो, आणि इलाइटचे कण त्याहूनही पातळ, म्हणजे आर्गॉन कणाबाहेरच पडतो. म्हणून सॅम्पल निर्वात काचेच्या कुपीत बंद करून मारा करतात आणि उडालेला आर्गॉनही मोजतात. बेन व्हॅन डर प्लाइम, पीटर व्ह्रोलाइक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नेचरमध्ये ही वाट नीट मांडली आणि रॉकी पर्वतांमधल्या लुईस थ्रस्ट या फॉल्टचं वय सुमारे ५२ दशलक्ष वर्षं दाखवलं, तेव्हापासून उथळ फॉल्टचं वय काढणं ही नेहमीची गोष्ट झाली.

आता खरा भाग. समजा तुमच्याकडे तीन भाग आहेत, जाड भागात ६० टक्के जुनं इलाइट आणि वय २०८ दशलक्ष, मधल्यात ३५ टक्के आणि १४८, बारीकमध्ये १० टक्के आणि ८६. बरेच जण इथे थांबून लिहितात, फॉल्ट ८६ दशलक्ष वर्षांपूर्वी हलला. नाही. बारीक भागातही १० टक्के जुना माल आहे. आडव्या अक्षावर जुन्या इलाइटची टक्केवारी आणि उभ्या अक्षावर ई चा λt वा घात वजा १ घ्या (λ म्हणजे पोटॅशियम-४० चा क्षय-स्थिरांक, वर्षाला ५.५४३ गुणिले १० चा उणे १० वा घात), रेषा काढा आणि ती शून्य टक्क्यांपर्यंत वाढवा. या आकड्यांत उत्तर सुमारे ६० दशलक्ष येतं. ८६ आणि ६० यात २६ दशलक्ष वर्षांचा फरक, म्हणजे उत्तर अख्खं वेगळ्या टेक्टॉनिक घटनेला जोडलं गेलं असतं. उभ्या अक्षावर नुसतं वय घेतलं तरी इथे ६२ च्या आसपास येतं, फरक मोठा नाही, पण मिश्रण वयाचं होत नसून आर्गॉन-पोटॅशियम गुणोत्तराचं होतं, म्हणून नीट काढा, एक्सेलमध्ये एक कॉलम जास्त लागतो एवढंच.

त्याच रेषेचं दुसरं टोक, १०० टक्के जुनं, इथे ३०० दशलक्षला जातं. ते तुमच्या थराच्या साचण्याच्या वयापेक्षा जुनं असायलाच हवं, कारण ते कण आधी कुठेतरी खडकात होते. तरुण आलं तर रेषेत गडबड आहे. आणि चूक किती असू शकते याचा अंदाज आधी घ्या: या उदाहरणात टक्केवारीतल्या प्रत्येक एका टक्क्याला वय सुमारे २.५ दशलक्ष वर्षांनी सरकतं, म्हणजे तुमच्या एक्स-रे मॉडेलमध्ये सगळीकडे ५ टक्क्यांची चूक असेल तर उत्तर १२-१३ दशलक्षने हलेल. मास स्पेक्ट्रोमीटर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं मशीन) एक टक्क्याच्या अचूकतेचा आहे म्हणून निकालापुढे अधिक-उणे १ लिहायचं ही फसवणूक आहे, खरी अनिश्चितता एक्स-रेमधून येते. जुन्या आणि नव्या इलाइटमधलं पोटॅशियम बरंच वेगळं असेल तर तेही गणितात धरावं लागतं.

शेवटी कंट्रोल सॅम्पल. न हललेल्या थरातल्या नव्या इलाइटचंही वय ६० दशलक्षच आलं तर तुम्ही फॉल्ट नाही, बरियल डेट केलंय.

कॅल्साइटचं लॅबकाम

आधी मायक्रोस्कोप, मग लेझर (लेझरने एकेका स्पॉटवरचं कॅल्साइट उडवून ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजतात). सॅम्पलचा जाडसर पॉलिश केलेला तुकडा करा, नेहमीचा ३० मायक्रॉनचा थिन सेक्शन लेझरला फार पातळ पडतो. मग कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनचा मारा केला की खनिजातून निघणारी चमक) बघा. मँगनीजमुळे कॅल्साइट नारंगी चमकतं आणि लोहामुळे चमक दबते, त्यामुळे साध्या उजेडात एकसारखा पांढरा दिसणारा तुकडा इथे तीन-चार पिढ्यांचा निघतो. प्रत्येक पिढीचा नकाशा करा आणि कुठली पिढी तंतूंची, कुठली नंतर फटीत भरलेली ते ठरवा. हे न करता ठोकळ्यावर सगळीकडे स्पॉट मारले तर दोन घटनांची सरासरी मिळते, आणि ती सरासरी कुठल्याच घटनेचं वय नसतं. जाड वाकडे ट्विन (दाबाने स्फटिकात पडलेले पट्टे) दिसत असतील, कणांच्या कडा पुन्हा स्फटिक झाल्यासारख्या असतील तर ती जागा टाळा.

मग आधी स्क्रीनिंग: लेझरने पटापट रेषा मारून युरेनियम आणि लेड कुठे किती ते बघायचं. कॅल्साइटमध्ये युरेनियम फार कमी असतं, बऱ्याचदा पीपीएमचाही (दहा लाखात एक भाग) छोटा अंश, आणि वाढताना पाण्यातून आलेलं साधं लेड जास्त असेल तर वय निघत नाही. हवं ते असं की युरेनियम बऱ्यापैकी, लेड कमी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांचं गुणोत्तर जागोजागी वेगळं. बरीच सॅम्पल या टप्प्यावर बाद होतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, म्हणूनच फील्डमधून जास्त आणायची.

खऱ्या मोजणीला स्पॉट साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास. लेड-लेड गुणोत्तर एनआयएसटी ६१४ काचेवरून दुरुस्त करतात, पण युरेनियम-लेडसाठी काच चालत नाही कारण लेझर काचेला आणि कॅल्साइटला वेगळं उडवतो, तिथे कॅल्साइटचंच स्टँडर्ड लागतं. सगळे जे वापरतात ते डब्ल्यूसी-१, टेक्सासच्या पर्मियन रीफमधलं, वय २५४.४ अधिक-उणे ६.४ दशलक्ष वर्षं. त्या अधिक-उणेकडे लक्ष द्या, ते अडीच टक्के आहे. म्हणजे तुमची रेषा कितीही सुंदर असली तरी ५० दशलक्षच्या निकालाची खरी अनिश्चितता १.३ दशलक्षच्या खाली जात नाही, निदान तो दुसऱ्या पद्धतीच्या निकालाशी ताडताना तरी. शिवाय दुसरं एक ओळखीच्या वयाचं कॅल्साइट अनोळखी म्हणून सोबत मोजा आणि त्याचं वय बरोबर येतंय का बघा.

डेटा टेरा-वासरबर्ग ग्राफवर जातो: आडवा अक्ष युरेनियम-२३८ भागिले लेड-२०६, उभा लेड-२०७ भागिले लेड-२०६. बिंदू एका उतरत्या रेषेवर बसायला हवेत. रेषा वर जिथे उभ्या अक्षाला मिळते तो सुरुवातीचा साधा लेड, बहुतेक वेळा ०.८३ ते ०.८६ च्या आसपास, आणि खाली जिथे कॉनकॉर्डिया वक्राला (दोन्ही घड्याळं एकच वय देतात अशा बिंदूंच्या वक्राला) छेदते ते वय. रेषा आडव्या मापाने १२५ ला छेदत असेल तर वय ५१.४ दशलक्ष. पीटर फर्मेशचं आयसोप्लॉट-आर हे फुकट सॉफ्टवेअर हे सगळं करतं, आणि एमएसडब्ल्यूडीही (बिंदू रेषेवर किती नीट बसतात याचं माप) देतं. तो आकडा १ च्या जवळ हवा. ४-५ आला तर बिंदू एका रेषेचे नाहीत, पिढ्या मिसळल्यात किंवा युरेनियम नंतर हललंय, परत कॅथोडोल्युमिनेसन्सच्या फोटोकडे जा आणि कुठले स्पॉट कुठल्या पिढीत पडलेत ते बघा. रेषा बरी दिसावी म्हणून नुसते लांबचे बिंदू खोडू नका, खोडायचं तर फोटोत कारण दाखवता आलं पाहिजे. सगळे बिंदू वर डावीकडे गोळा झाले असतील तर वय नाही, विषय संपला. मधली अवस्था असते, बिंदू थोडेच पसरलेत, तेव्हा वरचं टोक ठरावीक आकड्याला बांधून रेषा काढतात, चालतं, पण ते बांधलंय हे निकालासोबत लिहा.

फॉल्ट अगदी तरुण, म्हणजे एक-दोन दशलक्ष वर्षांचा असेल तर एक गोम आहे. भूजलात युरेनियम-२३४ बऱ्याचदा समतोलापेक्षा जास्त असतं आणि थोरियम जवळपास नसतंच. सुरुवातीला युरेनियम-२३४ ची ॲक्टिव्हिटी (दर सेकंदाला किती अणू मोडतात ते) २३८ च्या दुप्पट असेल तर वय सुमारे साडेतीन लाख वर्षं जास्त दिसतं, आणि थोरियम-२३० मुळात नसल्याने सुमारे एक लाख दहा हजार वर्षं कमी. ५० दशलक्षात हे कुणी विचारत नाही, २ दशलक्षात दुरुस्ती करावीच लागते. पाच-सहा लाख वर्षांच्या आतलं काही असेल तर युरेनियम-थोरियम पद्धत वापरा, ती त्यासाठीच आहे.

बाकीची खनिजं, पटकन

फॉल्टच्या चकचकीत काळ्या-लाल पृष्ठावरचं हेमाटाइट युरेनियम-थोरियम-हीलियमने डेट होतं, पण हीलियम सहज निसटतो, त्यामुळे कण किती बारीक आहेत आणि पुढे किती तापमान झालं हे माहिती नसेल तर त्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड. द्रवातून वाढलेला ॲड्युलेरिया (पोटॅशियम फेल्डस्पारचा एक प्रकार) मिळाला तर आर्गॉन-आर्गॉनला छान. डोलोमाइट आणि फ्लोराइटवरही युरेनियम-लेड करतात. ॲपेटाइटचे फिशन ट्रॅक (युरेनियमचे अणू फुटून स्फटिकात पडलेले ओरखडे) फॉल्टच्या दोन्ही बाजूंना मोजून कुठली बाजू कधी वर येऊन थंड झाली ते बघता येतं, साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यातलं, पण ते सरकण्याचं थेट वय नाही, फक्त साक्षीदार.

आकडे जुळवताना

सगळे आकडे बरियल हिस्ट्रीच्या एका ग्राफवर मांडा, वेळ आडवी आणि तापमान उभं. इलाइटचं वय ज्या वेळेला पडतं त्या वेळी थर इलाइट बनण्याइतका गरम होता का? कॅल्साइटवर क्लम्प्ड आयसोटोपने (जड कार्बन आणि ऑक्सिजन किती एकत्र जोडलेत ते मोजून) तापमान काढता आलं तर तेही टाका. कॅल्साइट ९० अंशांचं निघालं आणि त्या वयाला थर ५० अंशांवर होता, तर खालून गरम पाणी फॉल्टच्या वाटेने आलं होतं, आणि हे तेलवाल्यांना वयाइतकंच हवं असतं.

इलाइट आणि कॅल्साइटची वयं वेगळी आली की लोक घाबरतात, एक चुकलं म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. फॉल्ट एकदाच हलून थांबत नाही. इलाइट खोल आणि गरम असतानाचा काळ पकडतं, तोही अनेक हालचालींची गोळाबेरीज म्हणून, आणि कॅल्साइट नंतर वर येताना झालेली एखादी हालचाल पकडतं. युटाच्या पॅराडॉक्स बेसिनमधला मोआब फॉल्ट बघा, गाऊजमधल्या नव्या इलाइटचं वय साधारण ६० दशलक्ष येतं, पण थरांच्या जाडीवरून तो ट्रायासिकपासून खालच्या मिठाच्या हालचालींबरोबर हलत होता हे दिसतं. इलाइटला ती आधीची हालचाल दिसलीच नाही, कारण तेव्हा फॉल्ट उथळ आणि थंड होता. उलट फॅरो बेटांवर निक रॉबर्ट्स आणि रिचर्ड वॉकर यांनी २०१६ मध्ये फॉल्टमधलं कॅल्साइट डेट केलं तर वयं इओसीनपासून मायोसीनपर्यंत पसरलेली निघाली, अटलांटिक उघडल्यानंतरही हालचाल बराच काळ चालू राहिल्याचं.

तीन प्रसंगात निकाल तिथेच थांबवा. वय थराच्या साचण्यापेक्षा जुनं आलं, तर जुना माल मिसळलाय किंवा जुन्या खडकाचा कॅल्साइट तुकडा उचललाय. एकाच पृष्ठावरच्या, एकाच दिशेच्या तंतूंची दोन सॅम्पल अनिश्चिततेच्या मर्यादेबाहेर वेगळी आली, तर तिसरं मोजल्याशिवाय काही लिहू नका. आणि वय बेसिनच्या सगळ्यात गरम काळावर तंतोतंत पडलं, तर ते फॉल्टचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, कंट्रोल सॅम्पल काढा.

निकाल लिहिताना नुसतं "फॉल्टचं वय ६० दशलक्ष" असं लिहू नका. कुठलं खनिज, कुठल्या पट्ट्यातलं, हालचालीआधीचं, सोबतचं की नंतरचं, किती भाग किंवा स्पॉट, रेषा बांधलेली की मोकळी, एमएसडब्ल्यूडी, स्टँडर्डची अनिश्चितता धरलीय की नाही, हे सगळं एका ओळीत बसतं. सोबत प्रत्येक स्पॉटचा कच्चा आकडा आणि ते स्पॉट दाखवणारा फोटो जोडा, म्हणजे उद्या डब्ल्यूसी-१ चं वय कुणी सुधारून दिलं तर तुमचं वय परत काढता येईल.